अक्काची पंधरा फुटी सावली

डबा कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रात बजावलेलं असतं की सूर्य पाठीशी ठेवा, पण स्वतःची सावली चित्रात येऊ देऊ नका. माझ्या आयुष्यातला एकमेव चांगला फोटो मी हा नियम मुद्दाम मोडून काढला, आणि तो माझ्या सख्ख्या भावानं पुसून घेतला. पाच वर्षं झाली. राग तसाच आहे.

युद्धाचे दिवस होते. नगरला महिनोन्‌महिने कॅमेऱ्याचा रोळ मिळत नसे. पुतणीच्या लग्नासाठी मी एक जपून ठेवला होता, आठ फोटोंचा. सात लग्नात गेले. आठवा पाठवणीच्या सकाळी, कोल्हारच्या घरासमोर, सगळ्यांचा मिळून काढायचा होता.

अकरा माणसं दोन रांगांत उभी राहिली. आमची थोरली बहीण, अक्का, ओट्याच्या कोपऱ्यात थांबली. ती विसाव्या वर्षी विधवा झाली. आई गेल्यावर दादांना, म्हणजे नवरीच्या वडलांना, आणि मला तिनंच वाढवलं, या पुतणीलाही न्हाऊमाखू घातलं. मी हाक मारली, तर म्हणाली, "मी कशाला रं तिथं? नवरीचा फोटू हाय. तू काढ."

कुणीही "ये" म्हणालं नाही. दादा टोपी नीट करत उभे होते.

मला हे होणार ठाऊक होतं. मी कालव्यावर मोजणीचं काम करतो. आदल्या सकाळी अंगणात काठी रोवून सावली मोजून ठेवली होती. ऊन अंगणात उतरून तासभर झाला की सावली उंचीच्या तिप्पट पडते. अक्का पाच फूट, म्हणजे सावली पंधरा फूट. माणसं मी कॅमेऱ्यापासून सोळा फुटांवर उभी केली होती.

"बरं, फोटोत नको येऊस," मी म्हणालो. "माझ्याशेजारी उभी राहा. हात हलतो माझा."

"कालव्याची मापं घेतोस आन् हात हलतो?" ती हसली, पण आली. आमच्या दोघांच्या सावल्या जमिनीवरून सरळ गेल्या; तिची पुढच्या रांगेच्या पायांपासून फूटभर अलीकडे थांबली. तिचा पदर डोक्यावर होता, तो सावलीतही स्पष्ट दिसत होता. मी खटका दाबला.

चूक माझी एवढीच की रोळ दादांच्या हाती नगरला पाठवला. त्यांनी आणलेल्या फोटोत माझी सावली होती. अक्काच्या बाजूची जमीन कोरी होती, सारवल्यासारखी.

"फोटोवाला हुशार आहे," दादा म्हणाले. "फिल्मवर तेवढ्या जागी तांबडा रंग भरून छापातला डाग काढून दिला."

"डाग?"

"तर काय! नवरीच्या पायाशी अक्काची सावली. व्याह्यांनी बघितलं असतं तर?"

"माझी चालते?"

"तुझं काय, तू पुरुषमाणूस."

मी ओरडलो. दादांवर हयातीत पहिल्यांदाच ओरडलो. म्हणालो, तुमच्या तोंडात घास कुणी घातला ते विसरलात का? दादा एवढंच म्हणाले, "हळू बोल, व्याही बाहेर आहेत." तो फोटो चौकटीत घालून त्यांनी भिंतीवर लावला, अजून तिथंच आहे.

मूळ फिल्म मी मागून घेतली. रंग पाण्यात विरघळणारा निघाला. परातीत पाणी घेऊन कापसानं हलक्या हातानं पुसत मी बसलो. तांबडं पाणी पाच वेळा फेकलं. हळूहळू पदर दिसला, मग खांदे. मग उन्हात छाप उठणारा कागद फिल्मखाली घालून दोन्ही काचेच्या चौकटीत दाबले आणि ती चौकट अंगणात उन्हाला ठेवली.

छाप अक्काच्या हातात दिला. तिनं आधी त्या सावलीवर अंगठा ठेवून ती झाकली आणि पोरीचा चेहरा पाहिला. मग अंगठा काढला.

"पोरीच्या पायाला लागली न्हाई ना रं?"

"नाही. फूटभर अंतर आहे. मी मोजलंय."

मला वाटलं होतं तीही चिडेल. तिनं छाप पदरानं पुसला आणि पेटीत साड्यांखाली ठेवला. "दादाला सांगू नकोस," म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं.