दिवाडीला जायची अट

धुळ्याच्या आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागायला महिना होता. मधल्या सुट्टीत कमल अ‍ॅटलास उघडून बसली आणि म्हणाली, "आपण गोव्याला जाऊ. पणजीत राहू आणि फेरीबोटीने बेटं बघू... माघात माझं लग्न आहे, नंतर कोण सोडणार?"

ही गोष्ट त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची. आम्ही दोघी एकाच शाळेत शिक्षिका, एकाच भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. कमलने नुसतं स्वप्न बघितलं, पण प्लॅनिंग माझ्याकडे आलं. मला त्याची हौसच होती.

बेटं सोपी होती. रायबंदरहून फेरीने चोडण आणि जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी. अडचण पणजीची होती. लॉज परवडत नव्हतं, आणि परवडलं असतं तरी पुरुष बरोबर नसलेल्या दोन बायकांना त्या काळी खोली कोण देणार होतं...

चोपड्याला घरी गेले तेव्हा आबांना सांगितलं. माझे वडील. केळीच्या बागेतून नुकतेच आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बठ्ठं ठीक शे, पन ऱ्हाशात कोठे?"

"जागा पक्की झाल्याशिवाय निघणार नाही," मी म्हणाले. तेवढ्यावर ते तयार झाले.

मग मी डोकं चालवलं. सहली शाळांमध्ये उतरतात, मग मास्तरणींनी का उतरू नये? पणजीतल्या पाच मराठी शाळांना जोडकार्डं टाकली, म्हणजे उत्तराचं कार्डही आपणच जोडून द्यायचं. आम्ही दोघी शिक्षिका आहोत, चोडण आणि दिवाडी बघायला येतोय, सुट्टीत एक वर्ग झोपायला मिळाला तर झाडून, पुसून परत देऊ, असं लिहिलं.

तीन शाळांकडून काहीच आलं नाही. एकीने नाही म्हणून कळवलं. पाचवं कार्ड आलं ते एका हेडमिस्ट्रेस बाईंचं, कुमुदबाईंचं. अक्षर अगदी कित्त्यासारखं. 'वर्ग मिळेल. भाडे नको. एक अट आहे, ती आल्यावर सांगेन.'

दिवाळीला घरी गेले तेव्हा आबांनी कार्ड दोनदा वाचलं. अट कसली, हे त्यांना खटकत होतं. मी म्हणाले, "बाई माणूस आहे, हेडमिस्ट्रेस आहे. फार तर वर्गांतले फळे रंगवून घेईल."

भाऊबीज झाल्यावर निघालो. आधी पुण्याची एसटी, मग पणजीची. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भेट म्हणून ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे जाड पापड. कमल घाटात हैराण झाली, पण परत फिरू असं एकदाही म्हणाली नाही.

कुमुदबाई स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, पांढरं पातळ. वर्गात बाकं सरकवून आमच्यासाठी दोन चटया अंथरल्या होत्या, माठ भरून ठेवला होता. आम्ही हातपाय धुतले, जेवलो. अटीचं त्या काही बोलेनात... शेवटी मीच विचारलं.

"उद्या दिवाडीला मला बरोबर न्या," त्या म्हणाल्या.

कमलला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

त्यांचं माहेर दिवाडीला. यजमान गेले तेव्हा भाऊ त्यांना घरी घेऊन गेला. वर्षभराने त्यांनी पणजीत नोकरी धरली, एकट्या राहू लागल्या. भावाला ते लागलं. घरात दोन घास कमी पडत होते का, असं म्हणाला. जातेस तर पुन्हा ही पायरी चढू नकोस, असंही म्हणाला. त्याला सात वर्षं झाली होती. मधे एवढीशी नदी...

"एकटी गेले तर तो दार लावून घेईल," त्या म्हणाल्या. "पण लांबून आलेले पाहुणे बरोबर असले तर आमच्याकडे दार लावत नाहीत."

चोडण आधी करायचं ठरलं होतं. मी कागदावरचा क्रम तिथेच बदलला.

सकाळी बसने जुन्या गोव्याला आणि तिथून फेरीत. मासळीच्या टोपल्या, सायकली, दोन बकऱ्या. पाणी इतकं जवळून मी पहिल्यांदाच बघत होते, पण माझं लक्ष बाईंच्या हाताकडे होतं. कठडा त्यांनी घट्ट धरला होता.

घर उतारावर होतं. पायरीशी बाई थांबल्या. मग मीच पुढे झाले आणि हाक मारली, "घरात आहे का कोणी? आम्ही धुळ्याहून आलोय."

भाऊ बाहेर आला. आधी मला बघितलं, मग कमलला, मग तिच्या मागे उभ्या बहिणीला. कमलने काही न सुचून बिबड्यांची पिशवीच पुढे केली.

त्याने ती घेतली. आत वळून बायकोला म्हणाला, "पाणी आण, तीन पेले." आणि बाईंना कोकणीत, "भितर यो."

वर्गात आम्ही एकच रात्र झोपलो. पुढचे दोन दिवस त्या घरात. भाताची खाचरं, टेकडीवरचं चर्च, वहिनींच्या हातची सोलकढी... भाऊबहीण फारसं बोलत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी दोघं ओसरीवर नारळ सोलत बसली होती आणि मधेच कशावरून तरी भांडत होती. ते भांडण ऐकून वहिनी आत डोळे पुसत होत्या.

चोडण राहूनच गेलं. कमलला वाईट वाटलं असेल, पण ती तसं कधी बोलली नाही.

निघताना भाऊ धक्क्यापर्यंत आला. आमच्या पिशवीत नारळ भरले होते. फेरी सुटायच्या बेतात असताना तो बहिणीला कोकणीत काहीतरी म्हणाला, आणि बाईंनी झटकन तोंड नदीकडे फिरवलं.

पणजीच्या बसमध्ये मी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी सांगितलं, "पुढच्या वेळी पाहुण्यांशिवाय ये, म्हणाला."

म्हणजे त्याला पहिल्यापासून कळलं होतं.

कुमुदबाई आता नाहीत. त्यानंतर मी पुष्कळ प्रवास केला, चांगल्या हॉटेलांत राहिले. पण कोणाच्या उपयोगी पडले असा प्रवास तो एकच... आणि तो त्यांनी मला घडवला.