पोत्यावर शिकवलेला कुत्रा

आमच्या घरात राग पिढीजात आहे. आजोबांनी रागाच्या भरात स्वतःच्याच बैलाचं शिंग मोडलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पाठीवर दोन पट्टे झिजवले. आणि मी पंचविसाव्या वर्षी एका कुत्र्याला महिनाभर रोज मारलं, तेही त्याचा जीव वाचावा म्हणून. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

तेव्हा मी वाशीजवळ पावण्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. पितळेची कामं असायची. मशीनखाली पितळेचा चुरा साठायचा आणि त्याच्यावर चोरांचा डोळा होता. खांद्यावर पोतं टाकायचं, भंगारवाला म्हणून आत शिरायचं आणि भरलेलं पोतं घेऊन निघून जायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणून शेठनं मोऱ्याच्या मच्छीच्या धक्क्यावरून एक कुत्रा आणला, पिवळा, लांब तोंडाचा, मच्छीवर पोसलेला. सांभाळायला दिला माझ्याकडे. त्याला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की माया लागते, असं शेठ म्हणायचा. मला बिननावानंच लागली.

कुत्रा असा बेअक्कल की काय सांगू. हातमोजे चावून त्यांच्या चिंध्या करायचा. लेथच्या पायावर मुतायचा. दिसेल त्या माणसापुढे शेपूट हलवायचा. ज्याला त्याला सल्ला द्यायची हौस. कुणी म्हणे मुतलेल्या जागी नाक घास, कुणी म्हणे पेपराची सुरळी करून हाण, कुणी म्हणे भाकरीत हिरवी मिरची कालव, कुत्रा तिखट होतो. मी सगळं केलं. मिरचीची भाकरी खाऊन तो रडायचा, पाणी प्यायचा आणि परत येऊन माझाच हात चाटायचा. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणून सगळे हसायचे.

मग एका रविवारी चोर आला. दोन पोती चुरा घेऊन गेला आणि हे महाराज त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. शेठनं सोमवारी मला बोलावलं. म्हणाला, "एक महिना देतो. तिखट झाला तर राहील. नाहीतर पोत्यात घालून तोंड बांधायचं आणि खाडीत. मला टेन्शन नको." शेठ बोलला की करायचा. आधीचा कुत्रा असाच गेला होता. पोतं उचलायला मीच होतो आणि पोत्यातून येणारा आवाज मला अजून ऐकू येतो. या कुत्र्याचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

त्या पट्ट्यातल्या सगळ्याच वर्कशॉपांत कुत्रे शिकवायची एक रीत होती. चोर पोतं घेऊन येतो, तर कुत्र्याला पोत्याचा राग आला पाहिजे. म्हणून कुणीतरी पोतं अंगावर घ्यायचं, तोंड झाकायचं आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तो चवताळेपर्यंत झोडायचं. नंतर पोतं काढायचं आणि मालकानं जवळ घ्यायचं. मारणारा मी आणि जवळ घेणाराही मीच. दुसरं कोण तयार होणार?

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डोक्यावरून पोतं घ्यायचो आणि रबरी पाइपनं त्याला मारायचो. पाठीवर, पायांवर, पोटावर. पहिल्या दिवशी हात कचरला. पाचव्या दिवशी कचरला नाही. तो चावतच नव्हता. ओरडायचा, भिंतीला चिकटायचा, शेवटी पोट वर करून पडायचा. त्याचं ते पोट वर करणं बघितलं की माझं डोकं फिरायचं. अरे, चाव की. एकदा चाव आणि सूट. तुझ्यासाठीच करतोय ना, नालायका. असं मनात म्हणत मी अजून मारायचो. एका दुपारी त्याच्या कानातून रक्त आलं. मी पोतं फेकलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आधी मारलं त्याहून जास्त वेळ रडलो. तो माझं तोंड चाटत होता.

फाटकावर पावणे गावातले एक म्हातारे काका बसायचे. आमचं वर्कशॉप उभं होतं ती त्यांचीच भातशेती होती. ते रोज बघायचे. त्या दिवशी बोलले. "तुजे हातचा खातंय तो. तुला काय चावनार? कुत्रा डोल्यांनी नाय बगत, नाकान बगतंय. पोत्याचे आत कोन हाय त्याला पयल्या दिसापासना ठाव हाय."

म्हणजे इतके दिवस ते जनावर मलाच ओळखून माझाच मार खात होतं. शहाणा माणूस इथंच थांबला असता. मी विचार केला की वास माझा येतोय ना, मग दुसऱ्याचा वास आणू. महिना संपायला दहा दिवस राहिले होते.

आबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते, कांदा-बटाट्याच्या बाजारात. ओझं उचलताना ते पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून त्याची खोळ करायचे आणि डोक्यावरून पाठीवर सोडायचे. मीही त्यांच्या टोळीत यावं ही त्यांची इच्छा होती. आयटीआय झाल्यावर मी तोंडावर सांगितलं होतं की पोतं मी अंगावर घेणार नाही. त्यावरून आमची मारामारी झाली होती. खरोखरची, ढकलाढकलीची. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलायचो. माझ्या कुत्र्याचं ऐकल्यावर मात्र ते जेवता जेवता आईला म्हणाले, "याला पोत्याची लाज वाटत हुती. आता कुत्र्याम्होरं नाचतोय पोतं घिऊन." आई हसली. मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी मोरीजवळच्या खिळ्यावरची आबांची जुनी खोळ मी न विचारता उचलली. तिला कांद्याचा आणि माणसाच्या घामाचा असा वास होता की दोन हातांवरून यावा. एका जागी फाटलेली, तिथे आईनं लाल दोऱ्यानं शिवलेली. वर्कशॉपमध्ये गेल्यावर ती मी अंगाला, हातांना, केसांना घासली. मग ती डोक्यावर घेऊन मागच्या बाजूनं, न बोलता कुत्र्यावर गेलो.

तिसऱ्या फटक्याला तो उलटला. पोटरीत दात घुसले, पँट फाटली, रक्त आलं. मी लंगडत बाहेर आलो आणि आनंदानं काकांना मिठी मारली. लागोपाठ आठ दिवस तेच केलं. रोज तो जास्त चवताळायचा आणि रोज मी जास्त जोरात मारायचो. शेठ बघायला आला. कुत्र्यानं साखळीला हिसका देत तोंडाला फेस आणला. "पास," शेठ म्हणाला. "दुपारी मोकळा सोडत जा." खाडी टळली. मी त्या दिवशी कुत्र्याला बोंबील आणून घातले. खोळ वर्कशॉपच्या खिळ्याला तशीच टांगून ठेवली.

घरी आबा आठवडाभर खोळ शोधत होते. "हितंच हुती की," म्हणत पलंगाखालीसुद्धा बघितलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो. शेवटी त्यांनी नवीन पोतं घेतलं. चार दिवसांत त्यालाही तोच वास आला असणार. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आईशी कशावरून तरी भांडून मी डबा न घेता निघालो. त्या दिवशी बाजार लवकर उरकला. आईनं आबांच्या हातात डबा दिला. आबा माझ्या वर्कशॉपला कधीच आले नव्हते. त्या दिवशी आले, मार्केटातले कपडे तसेच, पाठीवर खोळ तशीच. फाटकावर काकांना म्हणाले, "पोराचा डबा आणलाय." काकांनी कौतुकाच्या भरात पाठीवरचं पोतं न बघताच आत सोडलं.

मी लेथवर होतो. आधी डबा पडल्याचा आवाज आला, मग आबांचा. धावत बाहेर आलो तर कुत्र्यानं त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर धरला होता आणि डोकं हलवून हलवून तो हात तोडायला बघत होता. आबा गुडघ्यावर आले होते. डब्यातून सांडलेल्या भातावर रक्त पडत होतं. मी हाताला लागला तो लोखंडी गज घेतला आणि कुत्र्याच्या पाठीत घातला. सोडेना. पुन्हा घातला. सोडेना. काका मागून ओरडत होते, "पोता काढ त्यांचे आंगावरचा." मला ऐकू येत होतं, पण हात थांबत नव्हता. शेवटी काकांनीच खोळ ओढून लांब फेकली. त्याच क्षणी कुत्र्यानं आबांचा हात सोडला आणि खोळीवर झडप घातली.

तिथं सगळं संपलं होतं. तरी मी त्याच्या मागे गेलो आणि गज घातला. त्यानं मान वळवून बघितलं, मला ओळखलं, खोळ सोडली आणि पोट वर करून पडला. मी घालतच राहिलो. आबा जमिनीवरून म्हणाले, "बास. सोडलंय त्यानं. बास कर रं." मी थांबलो तेव्हा कुत्र्यात काही राहिलं नव्हतं. त्यानं एकदाही दात माझ्याकडे वळवले नव्हते.

शेठ बाहेर आला, बघितलं आणि म्हणाला, "वाया घालवलास. चांगला तयार झाला होता." मी त्याच्या थोबाडीत मारली. नोकरी तिथल्या तिथं गेली, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

काकांनी रिक्षा आणली. हाताला गुंडाळायला फडकं शोधायला मी आत धावलो, माझ्यामागे आबाही आत आले. खिळ्यावरची जुनी खोळ त्यांना दिसली. लाल दोऱ्याची शिवण दिसली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाहेर पडलेल्या कुत्र्याकडे. डाव्या हातानं खोळ काढली आणि जखमेवर गुंडाळली. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "मागितलं असतंस तर दिलं असतं की."

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, कुत्रा कुठे आहे? दहा दिवस जिवंत राहिला असता तर पिसाळलेला नाही हे कळलं असतं. मी म्हणालो, मारला. मग आबांच्या पोटात चौदा इंजेक्शनं दिली. रोज मीच घेऊन जायचो आणि रोज मीच त्यांचा डावा हात धरून उभा राहायचो. त्यांनी मला ना शिवी दिली, ना हात उगारला. उगारला असता तर बरं वाटलं असतं.

उजव्या हाताची मूठ परत कधी वळली नाही. माथाडीचा हात गेला म्हणजे सगळंच गेलं. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय. टोळीत त्यांची जागा रिकामी होती आणि मी बेकार होतो. मी स्वतःहून म्हणालो, "आबा, मी येतो." त्यांनी आईला ती जुनी खोळ काढायला सांगितली. तिनं ती दोनदा धुतली होती, रक्त निघालं होतं, वास नाही.

पहिल्या सकाळी आबांनी मला दारात उभं केलं. एका डाव्या हातानं कोपरा खुपसायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. मी मदत करायला गेलो तर म्हणाले, "गप हुबा ऱ्हा." खोळ माझ्या डोक्यावरून पाठीवर सोडली. कांद्याचा आणि त्यांच्या घामाचा वास आला. खांद्यावर तागात अडकलेले दोन-तीन पिवळे केस होते. आबा ते काढायला लागले. मी म्हणालो, "राहू द्या."