चौदा माणसं आणि काकू

नुसतं बसून राहण्यात आमच्या काकूंचा हात धरील असं माणूस उभ्या इंग्लंडात सापडलं नसतं. काकू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांची बायको. जन्मानं साउथहॅम्प्टनच्या इंग्रज, मराठी मात्र थेट त्यांच्या सासूबाईंकडून उचललेली. खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता, चेहऱ्यावर हसू ठेवून त्या तीन-तीन तास बसत. लग्नाआधी नऊ वर्षं त्यांनी हेच केलं होतं. महायुद्धाच्या काळात आणि नंतरही नाचाच्या हॉलमध्ये मोठमोठे बँड वाजत, आणि त्यातली गाणारी मुलगी संध्याकाळभर वादकांपुढे शोभेला बसून जेमतेम चार गाण्यांना उभी राही. "गायला कुणीपण गाते, बाळ," काकू म्हणत, "न हलता बसायला ताकद लागतो!"

त्यांच्या गाण्याच्या तीन तबकड्या निघाल्या. वर बँडवाल्याचं नाव ठसठशीत, खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'गायनासह'. कुणाचं गायन, ते छापायची पद्धतच नव्हती. "मेल्यानं एका ट्यूनला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं, माझं नाही," हे त्या पन्नास वर्षांनंतरही काल घडल्यासारखं सांगत. पुढे गिटारवाली पोरं आली, बँड मोडले. काकू टॉन्सिल्स काढायला हॉस्पिटलात गेल्या आणि तिथल्या मराठी डॉक्टरांशी लग्न करून बाहेर पडल्या.

काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी काकूंना लहानसा स्ट्रोक आला. वय एक्याऐंशी. जीभ जड झाली, शब्द हरवायला लागले. स्पीच थेरपीच्या मुलीनं दिलेली शब्दांची कार्डं त्या चाल लावून म्हणत, आणि चालीत म्हटलेला शब्द सापडे. ते लक्षात आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मराठी मंडळाच्या दिवाळीत मी गाणार."

मंडळाचे सेक्रेटरी भले गृहस्थ. म्हणाले, "काकू, सीडी लावू ना मागे, एकदम सोपं."

"सीडी श्वास घेत नाही. मी घेते. मला वाजवणारी माणसं पाहिजे. आमच्या बँडात होते तेवढे, चौदा!"

मग तीन महिने त्या फोनवर आणि मी स्टिअरिंगवर. भूल देणारा डॉक्टर ट्रम्पेट वाजवतो असं कळलं, त्याला गाठलं. रिटायर्ड बसड्रायव्हर ट्रॉम्बोनसकट मिळाला. ड्रमर काकूंहून तीन वर्षांनी मोठा, नुकताच खुबा बदललेला. "बसता येते ना? मग झालं," काकू म्हणाल्या. तालमीत आवाज वरच्या सुरापर्यंत पोचेना, तेव्हा त्यांनी चौदाही जणांना पट्टी उतरवायला लावली. पोस्टर मी केलं. काकूंचं नाव सगळ्यात वर, सगळ्यात मोठं. त्यांनी चष्मा पुसून स्पेलिंग तपासलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या.

रविवारी दुपारी हॉलमध्ये चकल्यांचा वास आणि तीनशे मराठी माणसं. काकू निळ्या रेशमी गाऊनमध्ये सहा गाणी नुसत्या बसल्या. सातव्याला उठल्या. आवाज खरखरीत होता, पण ताठ होता. दुसऱ्या कडव्यात शब्द हरवला. सेक्रेटरी टाळ्या वाजवून सोडवायला निघाले, तर काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते खाली बसले. मग काकूंनी मागे वळून एक बोट वर केलं. बँड त्याच ओळीवर परत आला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा शब्द आला, आणि काकूंनी गाणं शेवटपर्यंत नेलं.

घरी सोडताना मी म्हणाले, "काकू, काय गायलात तुम्ही!"

त्या काचेबाहेर बघत होत्या. "'हे' असते तर म्हणाले असते, शेवटच्या ओळीला घाई झाला. मी गायले की प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढायचे." मग म्हणाल्या, "आता घरी काढणारं कुणी नाही."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाले, "थोडीशी घाई झाली खरी."

काकूंनी गिअरवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला, आणि घर येईपर्यंत काढला नाही.