फलकावरची इंजिनीअर

माझी भाची बारावी झाली आणि पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तिला उचललं. आठवड्यातले चार दिवस कंपनीत काम, पाचव्या दिवशी कॉलेज आणि शेवटी पदवी. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, हवेतच. "नोकरी आणि डिग्री एकदमच!" असं दिसेल त्याला सांगत सुटले.

पहिल्या वर्षाची अट एकच होती. वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने पंप खोलायचा, दुरुस्त करून परत जोडायचा आणि कॉलेजच्या परीक्षकांसमोर ते करून दाखवायचं. जमलं नाही तर वर्ष फुकट.

पोरगी चुणचुणीत, बोलायला गोड. तिथेच घात झाला. कंपनीत ट्रेनिंग बघणाऱ्या बाईंनी तिला हेरलं. डोक्यावर कोरं करकरीत हेल्मेट, हातात पाना, शेजारी काचेच्या पेटीतला शोभेचा पंप, काढला फोटो. त्याचा पुरुषभर उंच फलक कंपनीच्या दारात लागला. खाली अक्षरं: 'शिकता शिकता घडते.' काय घडते, ते विचारायची सोय नाही.

मग पाहुणे आले की बोलवा तिला, शाळांत भाषण द्यायचंय की पाठवा तिला. रोज सकाळी तिथे सगळ्यांनी उभं राहून कंपनीची पाच मूल्यं म्हणायची असतात, तीही हिनेच सांगायची. देवाचं नाव घेतानाही माणसाला एखादी जांभई माफ असते, इथे तीही नाही.

"अगं, पंप कधी उघडणार?" मी विचारायचे.

"बाई म्हणतात, पुढच्या महिन्यात. वर्कशॉपमध्ये गेले तर चेहरा काळवंडेल म्हणे."

मेहुणे लगेच मध्ये पडले. "मोठ्या कंपन्यांत असंच असतं, ताई. तुम्ही आपलं स्वयंपाकघर बघा."

"तेच बघते. तिथे निदान काहीतरी शिजतं."

परीक्षक यायच्या दिवशी बाईंनी दुसऱ्याच कोणीतरी दुरुस्त केलेला पंप हिच्या नावाने टेबलावर मांडून ठेवला. वर हिला म्हणाल्या, "जरा हातांना ग्रीस लाव. बाकीचं मी बघते." काय ती तयारी! एवढ्या मेहनतीत पोरीला दोन पंप शिकवून झाले असते.

परीक्षक आले, चहा प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "छान. आता हा खोलून दाखव."

भाचीने पाना उचलला, पंपाकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला. "सर, हा मी जोडलेला नाही. मला खोलताही येत नाही. मला वर्कशॉपमध्ये जाऊच दिलं नाही."

"विनोदी आहे हो आमची मुलगी," बाई हसल्या. परीक्षक हसले नाहीत. वर्ष गेलं.

नंतर बाईंनी तिला केबिनमध्ये घेऊन सुनावलं, "कंपनीची मूल्यं तुला कळलीच नाहीत." त्या पाचांतलं पहिलंच मूल्य सचोटी. बाईंना पाठ असणारच म्हणा, रोज म्हणतात.

मेहुण्यांनी लेकीशी अबोला धरला. लोकांना काय सांगायचं, हा त्यांचा घोर! मी देवासमोर बसून पोरीसाठी मागायचं तेवढं मागितलं आणि मेहुण्यांना स्वच्छ सांगितलं, "लोकांना सांगा, मुलगी खरं बोलली. जड जात असेल तर मी सांगते."

परीक्षकांनी कंपनीला बजावल्यामुळे आता ती रोज वर्कशॉपमध्ये असते. परवा पहिला पंप खोलून जोडला, तर तीन बोल्ट हातातच उरले. तिथला फिटर म्हणाला, "हे काय घरी नेणार का? खोल परत."

तिने परत खोलला.