अंजनाच्या रानात आम्हाला कोणी मारलं?

आमचं घर बौद्ध. वडील प्राथमिक शिक्षक. कोणाच्या अंगात आलं, कोणाला झपाटलं असं कानावर आलं की ते सरळ त्या घरी जायचे आणि आजाऱ्याला उचलून डॉक्टरकडे न्यायचे. मीही त्याच वळणाचा. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण डोक्यावरचा व्रण खोटा नाही... म्हणून लिहितोय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात मशीनवर होतो. माझा मेहुणा प्रमोद — बायकोचा धाकटा भाऊ — धुळ्याला गॅरेज चालवायचा. एक भंगारातली जीप त्याने स्वतःच्या हातांनी उभी केली होती आणि ती पळवायला त्याला निमित्तच हवं असायचं. शनिवारी संध्याकाळी तो एरंडोलवरून आमच्याकडे यायचा आणि रविवारी सकाळी मी, बायको सुनंदा आणि तो सातपुड्याकडे निघायचो. तापी ओलांडायची, किनगाव, यावल, केळीच्या बागा संपल्या की कच्चा रस्ता.

तिथे एका नाल्याच्या वरच्या अंगाला अंजनाचं जुनं रान होतं. अंजन खानदेशात कुठेही दिसतो, पण गुरांसाठी पाला तोडून तोडून खुरटलेला. ही झाडं मात्र कोणी कधी छाटलीच नसावीत. आम्ही दोघांनी हात पसरले तरी बुंधा कवेत येत नव्हता. प्रमोद थट्टेत गावाकडचं बोलायचा, "भाऊजी, हाई बठ्ठं आपला पणजाना आधीनं शे!" म्हणजे हे सगळं आपल्या पणजोबांच्याही आधीचं.

तीन-चार रविवार तिथे गेलो, जेवलो, झोपा काढल्या, परत आलो. काही म्हणजे काही झालं नाही.

त्या रविवारी थंडी होती, पण दुपारचं ऊन लख्ख होतं. जीप झाडांच्या अलीकडे उभी होती. सुनंदा मागच्या सीटवर बसून भरीत आणि कळण्याच्या भाकरी सोडत होती. मी आणि प्रमोद वीसेक पावलांवर, सगळ्यात जाड अंजनाखाली उभे होतो. कारखान्यातल्या कसल्याशा गोष्टीवर हसत होतो.

मला आठवतं ते असं — प्रमोद हसता हसता थांबला. त्याच्या हातात जीपची टॉमी होती, टायर काढायची लोखंडी. पहिला फटका माझ्या बरगडीवर बसला. मी ओरडलो, "अरे प्रमोद, काय करतोस!" दुसरा डोक्यात. मी खाली पडलो. तो वाकला आणि अगदी हळू, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "हलू नका. झालंच." आणि परत मारलं. रक्त डोळ्यात उतरलं. आज हा मला मारून टाकणार, एवढंच मनात होतं.

मग सुनंदाची किंकाळी ऐकू आली... आणि बघतो तर मी उभाच होतो. होतो तिथेच. समोर दहा फुटांवर प्रमोदही उभा. त्याचं नाक फुटलेलं, शर्ट लाल झालेला, डावा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळलेला. त्याच्या हातात काही नव्हतं. तो माझ्याकडे बघत रडत होता. "भाऊजी, का मारलं मला? काय केलं मी तुमचं?"

जीप मीच चालवली. एका हाताने डोळ्यातलं रक्त पुसत. सुनंदा मागे भावाचा हात पदरात धरून बसली होती. यावलच्या अलीकडे केळीच्या बागेतला एक शेतकरी आडवा आला, "काय झालं रे भो?" मी म्हणालो, "गाडी उलटली." तो जीपकडे बघत राहिला. जीपला ओरखडाही नव्हता.

डॉक्टरांनी टाके घातले, प्रमोदचा हात लाकडी पट्ट्यांत बांधला. मग त्यांनी आम्हा दोघांचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"खरं सांगा, मारामारी झाली ना?"

मी म्हणालो, "याने मारलं." प्रमोद म्हणाला, "यांनी. दगडाने."

डॉक्टर चिडले. "इतकं मारणाऱ्याच्या हातांवर काहीतरी खूण राहते. तुमच्या दोघांचेही हात कोरे आहेत."

तेव्हा सुनंदा बोलली. तिने काय पाहिलं ते सांगितलं. आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो, हात खाली सोडून. कोणीही जागचं हललं नाही. आणि आमच्या अंगावर फटके बसत होते. आधी आवाज यायचा, मग कातडी फाटायची. प्रमोदचा हात तिच्या डोळ्यांदेखत मोडला, कोणी हात न लावता. आणि टॉमी? टॉमी तिच्या सीटखाली होती, तिच्या पायाला लागत होती.

मला वाटलं, ही भावाला वाचवतेय. तिच्या माहेरी वाटलं, ती नवऱ्याला पाठीशी घालतेय. सासरे दारात उभं करेनात. दोन वर्षं राखीला प्रमोद आला नाही. एकदा भांडणात मी तिला म्हणालो, "एवढं डोळ्यांसमोर दिसत होतं, तर धावून का नाही आलीस?"

ती शांतपणे म्हणाली, "आले असते हो. पण धरणार कोणाला होते?"

त्यानंतर मी तिला तो प्रश्न कधी विचारला नाही.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रमोद कारखान्याच्या गेटवर आला. हात वाकडाच जुळला होता. चहा समोर तसाच ठेवून त्याने विचारलं, "भाऊजी, मला मारताना तुम्ही जे बोलत होता, ते का बोलत होता?"

"मी मारलं नाही, प्रमोद."

"राहू द्या. पण तुम्ही वाकून म्हणालात... 'हलू नको. झालंच.'"

मी कप खाली ठेवला. मी हे शब्द कोणालाही सांगितले नव्हते. डॉक्टरांना नाही, सुनंदालाही नाही. मी त्याला सांगितलं की तू पण मला हेच म्हणालास.  मग तो चहा न पिताच उठला आणि माझ्याबरोबर घरी आला, ताईला भेटायला. ती त्याच्या गळ्यात पडून खूप रडली. मी मागाहून विचारलं, आम्ही तेव्हा काही बोलत होतो का? ती म्हणाली, "एक शब्दही नाही. नुसते फटके."

त्या रानात आम्ही परत गेलो नाही. हे कसं घडलं ते विचारून डॉक्टर झाले, माझे वडील झाले, कारखान्यातले दोन इंजिनियर झाले... वडिलांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "मला माहीत नाही." मलाही नाही.

प्रमोद आता दर राखीला येतो. एका ताटात जेवावं इतकं आमचं चांगलं आहे. फक्त खोलीत आम्ही दोघंच असलो की तो माझ्याकडे पाठ करून बसत नाही. मीही नाही.