विहीणबाईंच्या सुपावरचा आळ

माझ्या सुनेच्या आईबद्दल आमच्या घरात एक किस्सा सांगितला जातो. तो खोटा आहे, आणि इतके दिवस ते फक्त मला माहीत होतं.

सून चिनी आहे. चार वर्षांपूर्वी नात झाली तेव्हा विहीणबाई चीनहून आल्या आणि मी पुण्याहून. दोघेही मुलाच्या अमेरिकेतल्या, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये. माझी बायको त्याआधीच वारली होती. विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. त्यांच्याकडे बाळंतीण महिनाभर ‘बसते’. गार पाण्यात हात नाही, केस धुणं नाही, डोक्याला टोपी. आमच्याकडे कानाला रुमाल बांधतात, फरक एवढाच. खटका उडण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे सूप. काळ्या कोंबडीचं, त्यात आलं, वाळवलेली लाल बोरं आणि चीनहून बॅगा भरून आणलेली कसली कसली मुळं. सकाळपासून मंद आचेवर. मी शाकाहारी, त्या वासाने मला घास उतरेना. बाल्कनीत बसून मनातल्या मनात चरफडायचो.

बाळगुटीचं सामान मी पुण्याहून आणलं होतं. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, छोटी सहाण. आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण माझ्या मुलाला त्याच्या आईने गुटी दिली होती. ती नाही तर मग नातीला कोण देणार? एका सकाळी सून झोपली होती, विहीणबाई भाजी आणायला गेल्या होत्या. मी गुटी उगाळली. कशाचे किती वेढे द्यायचे, हे बायकोच्या हाताला ठाऊक होतं. मी नुसतं पाहिलेलं. जायफळ जास्त झालं असणार.

संध्याकाळी बाळ जागं होईना, दूध ओढीना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बाळाला काही दिलंय का?” मी गप्प राहिलो. मुलगा सासूकडे वळला, “त्या सूपमध्ये काय काय असतं?” सुनेने विचारलं, विहीणबाई एकेक नाव सांगत गेल्या. डॉक्टरांना त्यातलं काहीच कळलं नाही. “आधी ते सूप बंद करा,” त्या म्हणाल्या.

सकाळी बाळ खणखणीत रडलं आणि सुपाचा गुन्हा सिद्ध झाला. विहीणबाईंनी उरलेली मुळं स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली. मी पाहत होतो.

विहीणबाई परत गेल्या, मी मुलाकडेच राहिलो. पुढे त्याचा विनोद झाला. कुणाकडे जेवायला गेलं की मुलगा म्हणायचा, “आमच्या सासूबाईंचं सूप म्हणजे फुल ॲनेस्थेशिया!”

“मग काका, तुम्ही कसे वाचलात?”

“मी व्हेज आहे ना,” मी म्हणायचो. सगळे हसायचे.

आता दुसरं बाळ येऊ घातलंय. गेल्या आठवड्यात मुलगा व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना म्हणाला, “मॉम, नो हर्ब्ज धिस टाइम, ओके?” त्यांना तेवढं इंग्रजी आता कळतं. “ओके, ओके,” त्या लगेच म्हणाल्या. फार लगेच. मला जेवण गेलं नाही. कॉल संपल्यावर त्याच टेबलावर मी सगळं सांगितलं.

“जायफळ?” मुलाने चमचा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, “बाबा, आता कशाला काढताय? सगळं सेटल झालंय.”

“त्यांच्या डोक्यावर सेटल झालंय.”

सुनेला मराठी येत नाही. ती दोघांकडे पाहत राहिली तेव्हा त्याला सांगावंच लागलं. ती ओरडली नाही. फोन घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि मला इंग्रजीत म्हणाली,

“आई म्हणते, कुठलं मूळ चुकलं याचाच ती इतकी वर्षं विचार करत होती. शेजारणींच्या मुलींना बाळंतपणात तीच सूप करून द्यायची. इथून गेल्यावर तिने ते सोडलं. आता माझ्यासाठीही करणार नाही.”

“त्यांना सांग, मी...”

“तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “हे मी ट्रान्सलेट करणार नाही.”

शनिवारी त्या येतायत. मी एअरपोर्टवर जाणार आहे. काय बोलणार, कुठल्या भाषेत, ठाऊक नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही राहू द्या, बॅगा असतील, गाडीत जागा होणार नाही.”

होईल जागा. या वेळी त्या फारसं काही आणणार नाहीत.