माहेरवाशिणीला विळा

आमच्या मलकपेठच्या घरावर चढलेल्या मधुमालतीने चार वर्षांत काय काय गिळलं ते सांगायला बसलो तर लोक मला खोटारडा म्हणतील. कपडे वाळत घालायच्या दोन तारा, टीव्हीचा अँटेना, माझे तीन बनियन आणि शेजारच्या मुसलमान मावशींचा, म्हणजे खालांचा, एक धडधाकट कोंबडा. केबलवाला शिडी घेऊन तिच्यात शिरला तो तिसऱ्या दिवशी बाहेर आला. बरं, अर्ध्या तासात आला असेल. पण दाढी वाढलेली होती, एवढं मी शपथेवर सांगतो.

एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट केली नाही. फुलली नाही.

ही वेल माझ्या बायकोच्या माहेरची. नांदेडकडच्या गावात सासऱ्यांनी विहिरीच्या कठड्याशी लावलेली. सासरे गेले आणि मेहुण्यांनी घर विकायला काढलं, तेव्हा बुंध्याशी आलेला एक वीतभर फुटवा ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन ती हैद्राबादला आली. पुढे घर घेणाऱ्याने विहीर बुजवली, वेलही उपटली. म्हणजे बायकोच्या माहेरचं या जगात जे काही उरलं होतं, ते आमच्या संडासाच्या भिंतीशी उभं होतं.

माझ्या आईने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "माहेरहून आलीय, आता हेच हिचं माहेर, म्हणजे माहेरवाशीण. हिला उपाशी ठेवायचं नाही अन् हिला विळा लावायचा नाही."

झालं. दर चैत्रात आई वेलीची ओटी भरायची. हळद-कुंकू, तांदूळ, नारळ, वर खण. तांदूळ चिमण्या न्यायच्या, नारळाच्या वड्या आम्ही खायचो, खण मात्र विरेपर्यंत वेलीच्या अंगावर असायचा. शिवाय रोज तांदळाचं धुवण, उरलेलं ताक, महिन्याला शेणखत आणि शेंगदाण्याची पेंड. जावई म्हणून माझेसुद्धा त्या माहेरी एवढे लाड झाले नव्हते. वेल नुसती फोफावत गेली. पानं एवढी की आमच्या मोरीत भर दुपारी दिवा लावावा लागे.

बायको नारायणगुड्याच्या एका शाळेत शिकवायची. संध्याकाळी बसमधून उतरून, खांद्यावर तपासायच्या वह्यांची पिशवी घेऊन फाटकात उभी राहायची, मान वर करून वेल न्याहाळायची आणि आत जायची. चार वर्षं, रोज. एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर मी दोन शब्द उलट बोललो असतो, विषय संपला असता.

त्याच सुमारास पेपरात रोज देश खुला होत असल्याचं छापून यायचं. आमच्या सरकारी कारखान्यात मात्र माणसांना स्वेच्छेने घरी पाठवणं चाललं होतं; स्वेच्छा त्यांची, घर आमचं. मलाही पाठवलं, एक हार आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन. पन्नाशीला दोन वर्षं बाकी होती. पहिला आठवडा मी झोपलो. दुसराही झोपलो. वाटलं होतं, पंचवीस वर्षांचा शीण एकदाचा अंगातून निघून जाईल. तो अंगातून निघाला आणि घरभर पसरून बसला. ते घड्याळ समोर टकटक करायचं आणि मी त्याच्याकडे बघायचो. कुणी विचारलं, सध्या काय करता, तर सांगायचो, "बागायती." किती? "एक वेल."

अशाच एका रिकाम्या दुपारी हिमायतनगरातून येताना एका बंगल्याच्या भिंतीवर फुललेली मधुमालती दिसली. नुसते झुबकेच्या झुबके. माझ्या थकलेल्या डोक्यात तेव्हा जे आलं ते शहाण्या माणसाच्या डोक्यात येत नाही. वॉचमनशी माझी कुस्ती झाली, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. वॉचमन झोपला होता. मी निवडून निवडून लालबुंद झुबके तोडले, घरी आणले आणि काळ्या दोऱ्याने आमच्या वेलीला बांधले. मग साळसूदपणे पायरीवर बसलो.

बायको आली. मान वर केली. पिशवी खाली ठेवली. जवळ गेली. एकेक झुबका न्याहाळला.

"अहो," ती म्हणाली, "सगळीच लाल?"

"मग? फूल आलंय बघ! मी म्हणत नव्हतो?"

"हे फूल संध्याकाळी पांढरं उमलतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. यात पांढरं एकही नाही." मग तिने दोरा बोटाने चाचपला. "आणि ही गाठ तुमचीच. पायजम्याच्या नाडीला अशीच मारता."

मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही. थकलेली माणसं भांडतात तेवढीही भांडली नाही. आत गेली आणि विळा घेऊन बाहेर आली.

आई ओट्यावरून ओरडली, "अगं, काय करतेस? माहेरवाशीण आहे ती!"

तेवढ्यात भिंतीवरून खालांचं डोकं वर आलं. "काटो जी, काटो! खा-खा के मोटी हो गई, खाली पत्तेच पत्ते! मैं कब से बोल रइयूं, सुनताच नइँ कोई. मेरा मुर्गा भी उसीच में गया."

"आई," हातातला विळा न थांबवता बायको म्हणाली, "बाबा दरवर्षी कापायचे हिला. गुडघ्याएवढी ठेवायचे. पेंड तर कधी दाखवलीसुद्धा नाही."

"मग चार वर्षं तोंडात काय धरलं होतंस?"

विळा थांबला. "तुम्ही ओटी भरत होतात ना. माझ्या माहेरची म्हणून. आता तिथं माझी ओटी भरायला कोण आहे? मला ते बघायला बरं वाटायचं."

 आई ओट्यावरून उतरली आणि पडलेल्या फांद्या ओढून एका बाजूला करू लागली. मीही उठलो. माझे दोन बनियन सापडले. कोंबडा सापडला नाही.

भिंत चार वर्षांनी उघडी पडली, ती महारोग्यासारखी दिसायची. बुंधा गुडघ्याएवढा. मी पेंड बंद केली, धुवण बंद केलं. दिवसभर त्याच्यासमोर बसून राहायचो, दोघेही छाटलेले. तो मेला असता तर मी या बाईला काय तोंड दाखवणार होतो, हा एकच विचार. नवा फुटवा आला तेव्हा खालांना हाक मारून दाखवला. त्या म्हणाल्या, "हौ, देखी. अब पेंड-विंड नक्को डालो मियाँ, हात जोड़ती."

पावसाळा उतरता उतरता एका संध्याकाळी ती फाटकात आली, नेहमीप्रमाणे मान वर केली, मग आठवून खाली केली. कमरेएवढ्या फांदीच्या टोकाला पाच फुलं होती. पांढरी. मला दुपारपासून कळ्या दिसत होत्या, पण या वेळी मी तोंड बंद ठेवलं होतं. असं माझ्या आयुष्यात एकदाच झालंय.

ती वाकली, वास घेतला आणि आत न जाता तिथेच पायरीवर बसली. वह्यांची पिशवी खांद्यावर तशीच.

"चहा टाकता का?" म्हणाली.

टाकला. दूध संपलं होतं, कोराच नेला. तिने तो तसाच प्यायला.